राख झाडणारा हात

घरोघरीं मातीच्या चुली, ही म्हण महाराष्ट्रांत सर्वांच्या ओळखीची आहे. परंतु ज्याअर्थीं घरोघरीं चूल आहे त्याअर्थीं घरोघरीं राखहि आहे, ही गोष्ट त्या म्हणींत सांगितलेली नाहीं, आणि इतिहासाच्या पुस्तकांतहि ती क्वचितच आढळते. अग्नीचा शोध, कोळशाचा शोध, वाफेच्या यंत्राचा शोध यांवर मोठमोठे ग्रंथ झाले. विस्तव पेटविणाराची कीर्ति सर्वांनीं गाइली. तो विझूं नये म्हणून त्याच्या पोटांतील राख वेळच्या वेळीं काढून टाकणाराचें नांव मात्र कोठें नोंदलेलें नाहीं. वस्तुतः विस्तव पेटविणें हें एका क्षणाचें काम आहे, आणि राख काढणें हें रोजचें. हें रोजचें काम हातानें कसें होत आलें, तें यंत्राकडे सोंपविण्याचा प्रयत्न कसकसा झाला, आणि त्यांत यश किती आलें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं मराठवाड्यांतील अंबड हें गांव घ्यावें. मत्स्याच्या आकाराच्या टेकडीवर असलेल्या मत्स्योदरी देवीमुळें तें दूरवर प्रसिद्ध आहे. होळकरांचा अंमल त्या गांवानें पाहिला, व देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनीं केला असें तेथें सांगतात. हा सर्व मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. अंबड तालुका तेव्हां औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे; १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला, तेव्हां तो त्या जिल्ह्यांत आला. सभोंवार काळी जमीन, आणि कापूस, ज्वारी, तूर हीं पिकें. जंगल थोडें म्हणून लांकूडहि थोडें. चुलीचें जळण शेतांतून व गोठ्यांतून येई: कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, ज्वारीचीं धसकटें आणि शेणाच्या गोवऱ्या. पऱ्हाटी भुरकन्‌ पेटते, भुरकन्‌ संपते. गोवरी धुमसत राहते आणि राख मात्र ढीगभर ठेवून जाते. चुलीला जाळी नसते. राख विस्तवाखालींच सांठते, व पहांटे घरांतील बाई ती हातानें ओढून काढते, चूल सारवते आणि मग नवा जाळ करते. ती राखहि वायां जात नाहीं. भांडीं घासण्यास, धान्याला कीड लागूं नये म्हणून त्यांत मिसळण्यास आणि परसांतील वेलांवर टाकण्यास ती उपयोगी पडते. चुलीचें शास्त्र एवढेंच आहे कीं रात्रीं विस्तव राखेनें झांकून ठेवावा आणि सकाळीं दोघांची फारकत करावी.

कोळशाची गोष्ट निराळी आहे. लांकूड ज्वाळेनें जळतें. कोळसा ढिगानें जळतो. ढिगाच्या मधोमध असलेल्या निखाऱ्याला वारा मिळावयाचा तर तो खालूनच मिळाला पाहिजे, म्हणून कोळशाला जाळी आली. महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांत शेगडी आणि तांब्याचा बंब हीं दोन साधनें एके काळीं सर्रास दिसत. शेगडीच्या पोटांत लोखंडी जाळी, जाळीखालीं राखेची पोकळी, आणि त्या पोकळीला पुढून वाऱ्याचें तोंड. बंबाच्या मधून वरपर्यंत एक नळी गेलेली. तिच्या तळाशीं जाळी, नळींत कोळसे किंवा लांकडाच्या ढलप्या, आणि नळीभोंवतीं पाणी. वरून थंड पाणी ओतावें व तोटीनें ऊन पाणी घ्यावें, अशी ती युक्ति होती. दोन्ही साधनांत जाळी हाच प्राण. जाळीवर विस्तव, जाळीखालीं राख. वरून खालीं राख गळत राहिली तर खालून वर वारा चढत राहतो. हा व्यवहार थांबला कीं विस्तव गुदमरतो.

विस्तव गुदमरतो म्हणजे नेमकें काय होतें? कोळशाला पुरेसा वारा मिळाला तर त्याचें ज्वलन पुरें होऊन कार्बन डायॉक्साइड वायु बनतो व सर्व उष्णता हातीं येते. वारा अपुरा पडला तर ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. कोळशाच्या एकंदर उष्णतेपैकीं शेकडा सत्तरांहून अधिक हिस्सा या अर्धवट जळलेल्या वायूच्या पोटांत तसाच राहतो, आणि तो वायु जळला नाहीं तर ती उष्णता फुकट जाते. नुकसान एवढ्यावरच थांबत नाहीं. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. श्वासावाटे शरीरांत गेल्यावर तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. थंडीच्या दिवसांत दारें-खिडक्या लावून, शेगडी उशाशीं ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलीं नाहींत, असे प्रसंग याच वायूमुळें घडतात. राख झाडलेली असो वा नसो, बंद खोलींत शेगडी ठेवूं नये, हा धडा त्यांतून घ्यावयाचा आहे. परंतु राखेनें कोंडलेला विस्तव अधिक घातकी, हेंहि तितकेंच खरें.

आतां कोणी म्हणेल कीं मग राख सारखी झाडीत राहावी. येथेंच खरी अडचण आहे. जाळी फार हालविली तर राखेबरोबर जळते निखारेहि खालीं पडतात. कोळसा वायां जातो, वरचा थर पातळ होतो आणि विस्तव विझतो. शिवाय जाळीवर राखेचा पातळ पापुद्रा असणें चांगलें असतें. त्यामुळें लोखंडाला विस्तवाची थेट आंच लागत नाहीं व जाळी लवकर वितळत किंवा वांकत नाहीं. म्हणजे राख फार झाली तरी वाईट, मुळींच नसली तरी वाईट. थांबण्याची खूण एकच, आणि ती जगांतील सर्व शेगड्यांना सारखीच लागू आहे. झाडतां झाडतां खालच्या पोकळींत पहिला लाल निखारा पडलेला दिसला, किंवा राखेवर तांबूस उजेड पडूं लागला, कीं हात आवरावा. हा नियम शेगडीजवळ बसणाऱ्या बाईला कोणीं शिकविला नव्हता. डोळा, हात आणि कान यांच्या अभ्यासानें तो तिच्या अंगवळणीं पडला होता. यंत्राला नेमका हाच नियम शिकवावयाचा होता.

घरांतील कोळशाचा इतिहास पाहिला तर अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांताचें नांव आधीं घ्यावें लागतें. तेथें अँथ्रसाइट नांवाचा अत्यंत कठीण दगडी कोळसा विपुल आहे. हा कोळसा साध्या चुलीवर पेटतच नसे, म्हणून लोक त्याला निरुपयोगी दगड समजत. विल्क्स-बॅरी या गांवीं जेस्सी फेल या गृहस्थानें ११ फेब्रुवारी १८०८ रोजीं आपल्या घरांत उघड्या लोखंडी जाळीवर तो पेटवून दाखविला. खालून वारा मिळाला कीं हा दगड धुराशिवाय जळतो, हें लोकांना कळलें, आणि पुढील काळांत त्यासाठीं नानाप्रकारच्या लोखंडी शेगड्या निघाल्या. त्यांच्या जाळीला बाहेर एक दांडा काढलेला असे. सकाळ-संध्याकाळ तो दांडा पुढें-मागें हालवून राख खालच्या पेटींत पाडावयाची, पेटी भरली कीं बाहेर नेऊन रिकामी करावयाची, हा तेथील गृहस्थाश्रमाचा नित्यनेम होता. सळईनें कोंचण्याऐवजीं दांड्यानें हालविणें ही सुधारणा झाली खरी, परंतु दांड्याच्या टोंकाशीं हात माणसाचाच राहिला.

यानंतर यंत्रानें एकामागून एक कामें आपल्याकडे घेतलीं. त्यांचा क्रम मोठा विचार करण्याजोगा आहे. वारा कमीजास्त करण्याचें काम यंत्राकडे लवकर गेलें. मिनिॲपोलिस येथील अल्बर्ट बट्झ यानें १८८६ सालीं एका युक्तीचें पेटंट घेतलें. खोली थंड झाली कीं तापमापकाच्या इशाऱ्यानें एक साधन सुटे व भट्टीच्या वाऱ्याची झडप आपोआप उघडे. खोली ऊन झाली कीं झडप मिटे. मग कोळसा घालण्याचें काम यंत्राकडे गेलें. १९२० नंतरच्या काळांत अमेरिकेंत घरगुती भट्ट्यांना सुद्धां विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या मळसूत्रानें कोळसा पोंचूं लागला. परंतु त्यांपैकीं पुष्कळ भट्ट्यांत राख वितळून तिचा घट्ट गोळा होई, आणि तो लांब चिमट्यानें घरधन्यालाच काढावा लागे. वारा यंत्राचा, कोळसा यंत्राचा, आणि राख मात्र माणसाची, अशी ही वांटणी होती. याचें कारण उघड आहे. वाऱ्याला व कोळशाला माप आहे. राखेला तसें ठराविक माप नाहीं. आजचा कोळसा उद्यांच्या कोळशासारखा नसतो, म्हणून आजची राखहि उद्यांच्या राखेसारखी नसते.

अंबडच्या माणसांना या सर्व प्रश्नाचें दर्शन घडलें तें शेगडींत नव्हे, तर जालन्याच्या स्टेशनावर. अंबडला आगगाडी नव्हती. तेथून सुमारें पंचवीस किलोमीटरवरील जालना हेंच त्या बाजूचें स्टेशन. मनमाडपासून हैदराबादपर्यंतचा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा ३९१ मैलांचा मीटर गेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळांत खुला झाला. मनमाडला तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला मिळे, आणि दुसऱ्या टोंकाला निजामाच्या राजधानीला. जालन्याचा कापूस या मार्गानें बाहेर जाऊं लागला; सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने तेथें उभे राहिले, आणि वाफेचा बॉयलर म्हणजे काय तें त्या प्रांतांतील लोकांना दिसूं लागलें. निजामाच्या राज्यांत कोळसाहि होता. भूगर्भ-संशोधन खात्यांतील डॉ. विल्यम किंग यांना १८७१ सालीं येल्लंदु येथें दगडी कोळशाचा सुगावा लागला; १८८९ सालीं खाणकाम सुरू झालें, आणि १९२० सालीं त्या खाणींच्या कंपनीला सिंगरेणी हें नांव मिळालें. १९३० सालीं रेल्वे निजाम सरकारनें आपल्या मालकीची केली, व १९५० सालीं ती भारतीय रेल्वेंत विलीन झाली.

आगगाडीचें इंजिन ही एका अर्थानें चाकांवर बसविलेली प्रचंड शेगडीच होय. पेटीच्या तळाशीं लोखंडी गजांची जाळी, जाळीखालीं राखदाणी, आणि वर कोळशाचा थर. शेगडीला फुंकणीनें किंवा पुठ्ठ्यानें वारा घालतात; इंजिनांत वापरलेली वाफ धुराड्यांतून जोरानें बाहेर पडतांना वारा ओढून घेते. इंजिन जितकें कष्टी, तितका वारा अधिक. या शेगडीपुढें ड्रायव्हरबरोबर फायरमन उभा असे. त्याच्या मदतनिसाला पुष्कळ ठिकाणीं आगवाला म्हणत. फावड्यानें कोळसा पेटींत टाकणें हें त्यांचें काम सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याहून कठीण काम दुसरेंच होतें. लांबच्या प्रवासांत राख सांठून वारा कोंडला, वाफेचा कांटा खालीं येऊं लागला, कीं पेटीचें दार उघडून लांबलचक लोखंडी सळई आंत घालावी लागे, विस्तव एका बाजूला ओढावा लागे, जाळीवर चिकटलेली घाण उखडून काढावी लागे, आणि मग उरलेल्या निखाऱ्यांवर नवा थर बसवावा लागे. दार उघडें असेपर्यंत गार वारा आंत शिरून नळ्या निवत; इकडे माणसाचें तोंड, छाती आणि हात भाजून निघत. उन्हाळ्यांतील मराठवाड्याची दुपार आणि त्यांत हें काम, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

आपल्या देशांत हें काम विशेष जड होण्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें जमिनीच्या पोटांत आहे. इंग्लंडमधील उत्तम कोळशांत शेकडा दहाहूनहि कमी राख असते. भारतांतील दगडी कोळसा बहुतेक गोंडवन खडकांतील आहे. तो बनतांना वनस्पतींबरोबर गाळ व माती मिसळत गेली, त्यामुळें राख त्याच्या अंगांतच भिनलेली असते. धुवूनहि ती पुरतेपणीं निघत नाहीं. विजेच्या केंद्रांना मिळणाऱ्या कोळशांत ती शेकडा तीस ते पंचेचाळीसपर्यंत असते. रेल्वेला तुलनेनें बरा कोळसा दिला जाई. तरी शेकडा वीस राख धरून हिशेब केला तर हजार किलो कोळसा जाळल्यावर दोनशें किलो राख उरते. शेकडा आठ राखेच्या कोळशाला हा आंकडा ऐंशी किलोंचा आहे. म्हणजे तेवढ्याच कोळशाला येथल्या माणसाला अडीचपट राख काढावी लागे. शिवाय राखेंत लोहाचा अंश पुरेसा असला तर ती लवकर वितळते, जाळीच्या गजांमध्यें ओघळते आणि थिजून कांचेसारखा कठीण खंगर होतो. साधी राख हालवल्यानें पडते. खंगर हालवल्यानें पडत नाहीं, तो फोडावा लागतो.

यावर अमेरिकन इंजिनांनीं काढलेला उपाय म्हणजे डोलणारी जाळी. तींत गज एकसंध न ठेवतां त्यांचे आडवे तुकडे केलेले असत, आणि प्रत्येक तुकडा आपल्या आंसावर डोलूं शके. ड्रायव्हरच्या खोलींतून एक दांडा खालीं गेलेला असे. दांडा थोडा हालविला तर तुकडे थोडेसे डोलत व राख गळे. अडकण काढून तो पुरा ओढला तर तुकडे जवळजवळ उभे होत व खंगरासह सर्व विस्तव राखदाणींत कोसळे. एकच दांडा, पण त्याच्या लहान हालचालीचा अर्थ निराळा आणि मोठ्या हालचालीचा निराळा. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीय रेल्वेसाठीं जीं नव्या धाटणीचीं इंजिनें बनलीं, त्यांच्या रचनेवर अमेरिकन पद्धतीची मोठी छाप होती, आणि डोलणारी जाळी त्यांत वापरली गेली. रुंद मार्गावरील डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाची जाळी ४६ चौरस फूट, तर मीटर गेजवरील वायपी जातीच्या इंजिनाची २८ चौरस फूट होती. एवढ्या क्षेत्रावरील राख दार न उघडतां, उभ्या जागेवरून झाडतां येऊं लागली, हें फायरमनच्या दृष्टीनें लहान सुख नव्हतें.

तथापि त्या सुखाची मर्यादाहि ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेंत मोठ्या इंजिनांना कोळसा घालणारें यंत्र जोडलें गेलें. भारतांतील बहुतेक सर्व वाफेचीं इंजिनें अखेरपर्यंत माणसाच्या फावड्यावरच चाललीं. दांडा हालविण्यास माणूस लागेच, आणि किती हालवावा हेंहि त्यालाच ठरवावें लागे. चढावर असतांना दांडा जास्त ओढला तर विस्तवाला भगदाड पडे आणि गाडी वाटेंत अडे. कमी ओढला तर वाफ उतरे. शिवाय राख इंजिनांतून निघाली म्हणजे नाहींशी झाली असें नव्हे. इंजिनांच्या शेडमध्यें रुळांच्या मधोमध राखेचे खड्डे असत. तेथें विस्तव उतरविणारे मजूर तापलेली राख पाण्यानें विझवून फावड्यानें बाहेर काढीत. मोठ्या स्टेशनांजवळच्या राखेच्या ढिगांवर गरीब घरच्या बायका व मुलें अर्धवट जळलेले कोळसे वेचीत बसत. दांडा जरा जास्त ओढला गेला तर रेल्वेचें जें नुकसान होई, त्यावर कोणाच्या तरी घरची शेगडी पेटे. यंत्राच्या चुकीचा हिशेब असा दोन वह्यांत दोन प्रकारें मांडला जात असे.

हातानें कोळसा घालावयाच्या शेगडीची राख आपोआप झाडली जावी, म्हणून पुढें अनेक कल्पक माणसांनीं प्रयत्न केले. सर्वांत सोपी युक्ति घड्याळाची: ठराविक तासांनीं मोटार सुरू व्हावी, दांडा ठराविक वेळ हालावा आणि थांबावा. परंतु घड्याळाला विस्तव दिसत नाहीं. थंडी वाढली व कोळसा जास्त जळला तर राख सांठून राहते. ऊन पडलें व विस्तव मंद ठेवला तर घड्याळ त्याचे जिवंत निखारे खालीं लोटून देतें. दुसरी युक्ति तापमापकाची: जाळीखालीं तो ठेवावा, आणि लाल निखारा पडून तेथील उष्णता वाढली कीं मोटार थांबवावी. ही युक्ति म्हणजे बाईच्या डोळ्याचीच नक्कल होय, आणि म्हणूनच ती अधिक शहाणपणाची आहे. तरीहि खंगर अडकला तर मोटार अडते किंवा दांडा मोडतो. हात अडथळा ओळखतो. तो जोर कमी करतो, दुसऱ्या बाजूनें हालवून पाहतो. मोटारीला ही जाणीव द्यावयाची तर जोर मर्यादेबाहेर जातांच थांबविणारी योजना निराळी करावी लागते, आणि शेगडीपेक्षां तिची सामग्रीच महाग होऊन बसते.

या कोड्याचें खरें उत्तर निराळ्याच दिशेनें आलें. राख झाडावयाचीच नाहीं, तिला आपल्या पायानें जाऊं द्यावयाचें, असें तें उत्तर आहे. लंडनमधील जॉन ज्यूक्स यानें १८४१ सालीं सांखळीच्या जाळीचें पेटंट घेतलें होतें. तींत जाळी हीच एक बिनशेवटाची फिरती सांखळी असते. एका टोंकाला तिच्यावर कोळसा पडतो, हळूहळू पुढें सरकत तो पेटतो, जळतो, आणि दुसऱ्या टोंकाला पोंचेपर्यंत त्याची राख झालेली असते; सांखळी वळली कीं राख आपोआप खालीं पडते. पुढें गिरण्यांच्या व वीज-कारखान्यांच्या बॉयलरांना ही जाळी फार मानवली. पेनसिल्व्हानियांतील घरगुती अँथ्रसाइट शेगड्यांतहि हेंच तत्त्व दुसऱ्या रूपानें आलें: नवा कोळसा मागून ढकलला जातो, तो जुन्याला पुढें सारतो, आणि सर्वांत पुढची राख कडेवरून पेटींत पडते. झाडणाराची गरजच उरली नाहीं. मात्र यासाठीं कोळसा सारख्या आकाराचा लागतो, आणि तो यंत्रानेंच घालावा लागतो. म्हणजे हातानें कोळसा घालावयाची शेगडी हातानें घालावयाची ठेवून केवळ राखेचें काम यंत्राला द्यावें, हा बेत फारसा सिद्धीस गेला नाहीं. एक काम सोडवावयाचें तर दुसरेंहि सोडवावें लागलें.

मराठवाड्यांत या कथेचा शेवटचा अध्याय परळी वैजनाथ येथें लिहिला गेला. तेथील औष्णिक वीज केंद्रांत १९७१ सालीं ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, आणि पुढें २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. अशा केंद्राच्या भट्टींत कोळसा पिठासारखा दळून वाऱ्याबरोबर फुंकतात. तो हवेंतल्या हवेंत जळतो. येथें जाळीच नाहीं, मग झाडणें कोठलें? परंतु राख तेथेंहि आहे, आणि अपार आहे. तिच्यापैकीं सुमारें पंचमांश तळाशीं पडते. बाकीची धुराबरोबर उडते, आणि ती विजेच्या आकर्षणानें धुरांतून ओढून घ्यावी लागते. मजेची गोष्ट अशी कीं, ज्या पत्र्यांवर ती चिकटते त्या पत्र्यांना ठराविक वेळानें हातोडीचे ठोके देऊन ती खालीं पाडावी लागते. राख झाडण्याचें काम येथें परत आलें, फक्त हातोडी यंत्राची झाली. मग ती राख पाण्यांत कालवून तलावांत सोडतात, किंवा कोरडी भरून सिमेंटच्या व विटांच्या कारखान्यांना देतात. पाणी हा तर मराठवाड्याचा कायमचा प्रश्न. २०१३ सालच्या दुष्काळांत पाण्याअभावीं परळीचें केंद्र बंद ठेवावें लागलें होतें. औष्णिक केंद्रांची राख विटा व बांधकामासाठीं वापरलीच पाहिजे, असा दंडक केंद्र सरकारनें १९९९ सालीं घातला. चुलीची राख भांड्यांना लावणाऱ्या बाईनें जें तत्त्व न शिकतां पाळलें होतें, तेंच अखेर कायद्यांत लिहावें लागलें.

जालन्याच्या रुळांवरून वाफेचीं इंजिनें केव्हांच गेलीं. चित्तरंजनच्या कारखान्यानें शेवटचें वाफेचें इंजिन १९७२ सालीं बांधलें. १९९० नंतरच्या दशकांत मनमाड ते परभणी हा मार्गहि रुंद झाला, आणि त्याबरोबर मीटर गेजची जुनी वाहतूक संपली. शहरांतील घरांतून शेगडी माळ्यावर गेली. तांब्याचा बंब कोठें विकला गेला, तर कोठें दिवाणखान्यांत शोभेसाठीं मांडला गेला. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें खेड्यापाड्यांतल्या गरीब घरांतहि गॅसची शेगडी पोंचविली. गॅसला राख नाहीं, म्हणून झाडणें नाहीं. तरी सिलिंडर संपला, किंवा भरून आणण्याइतके पैसे हाताशीं नसले, कीं अंबडच्या बाजूच्या कित्येक घरांत पऱ्हाट्यांचा भारा पुनः चुलीपाशीं येतो, आणि पहांटे कोणाला तरी राख काढावी लागते.

या सर्व इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. माणसाचें काम यंत्राकडे गेलें तेव्हां जें जड होतें तें आधीं गेलें, आणि ज्याला पारख लागे तें सर्वांत मागून गेलें. कोळसा उचलणें जड होतें, पण त्यांत ठरवावयाचें थोडें. राख झाडणें दिसावयास हलकें, पण त्यांत ठरवावयाचें फार. जगानें मान दिला तो जड कामाला, पारखीच्या कामाला नव्हे. फायरमनचें फावडें चित्रांत आलें. त्याची सळई आली नाहीं. चुलीवरची भाकरी वाखाणली गेली; चुलीखालची राख कोणीं काढली हें विचारलें गेलें नाहीं. राख काढणाऱ्या त्या हाताची योग्यता ओळखण्यास यंत्रशास्त्राला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. घरांतल्या माणसांनीं ती ओळखण्यास इतका वेळ लावण्याचें कारण नाहीं.